पान पाचच्या खालच्या कोपऱ्यात

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोबरोबर छत्तीस वर्षं संसार झाला, तिलाही नाही. एकदा देवळात जाऊन मनातल्या मनात बोलून टाकावं असं ठरवलं होतं; पण तिथेही मागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहिलं आणि नुसते हात जोडून परत आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. धीर आहे म्हणून नव्हे — तुम्ही उद्या माझ्या दारात येणार नाही, एवढंच.

मी भिलाईचा. वडील भंडाऱ्याकडचं खेडं सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, आम्ही तिघं भावंडं सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मोठा मनोहर, मग मी, आणि धाकटी शकू. आज मी भिलाईतच कोहक्याला राहतो आणि शकू माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिचे यजमान गेले, मुली लग्न होऊन रायपूरला. प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क म्हणून मी पूर्ण नोकरी केली आणि रीतसर निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात मला 'सरळ माणूस' म्हटलं होतं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

गोष्ट सुरू झाली — म्हणजे पुन्हा सुरू झाली — ती दोन वर्षांपूर्वी. सेक्टर दहातल्या सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर आले. सभासद झालं की तिथे बसून देशभरची वर्तमानपत्रं वाचता यायची. शकूला याचं फार अप्रूप. आमच्या लहानपणी नागपूरचं मराठी वर्तमानपत्र इथे दुपारच्या गाडीने यायचं, तेही चार-पाच घरांतच. आता सकाळी दहाला ते समोर उघडायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि साखर उतरेपर्यंत ऑपरेशन करायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी वाचायचं आणि तिने ऐकायचं. मंगळवार आणि शुक्रवार मी तिला स्कूटरवर मागे बसवून न्यायचो. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं.

मग एक दिवस तिथल्या साहू मॅडम सहज म्हणाल्या, "अंकल, अब पुराने पेपर भी आ गए हैं. पचास साल पीछे तक."

शकूने माझा हात धरला. "भाऊ, म्हणजे आपली जाहिरात असन त्यात!"

त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं हे तिला दिसलं नाही. तिला धड दिसतच नव्हतं.

कोणती जाहिरात, ते सांगायला हवं. टाळत आलो ते हेच.

मनोहर बावीस वर्षांचा असताना घर सोडून गेला. बाबांनी त्याला आयटीआयमध्ये घातलं होतं, ते त्याने अर्धवट सोडलं आणि सुपेल्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीला बसायला लागला. एका रविवारी बाबांनी गिऱ्हाइकाचा उघडलेला रेडिओ उचलून अंगणात फेकला आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर, नळावर, त्याच्या तोंडात मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहर घरात नव्हता. दोन शर्ट आणि पिशवी नव्हती. महिन्याभरात श्रावणातल्या एका सकाळी बाबा ड्यूटीवर जायला निघाले, छातीला हात लावून ओट्यावर बसले आणि गेले.

त्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. एकालाच. क्वार्टरही त्याच नोकरीवर टिकणार होतं. मोठा मुलगा आला की त्याचं नाव जाईल हे सगळे धरूनच चालले होते. माय म्हणाली, मनूला शोधा. मामाने सुचवलं, नागपूरच्या पेपरात फोटो देऊन जाहिरात द्या, विदर्भात कुठेही असला तरी दिसेल. मजकूर शकूने लिहिला. अकरा वर्षांची होती, अक्षर घरात तिचंच चांगलं. 'मनूदादा, बाबा वारले. माय जेवत नाही. असशील तिथून निघून ये. तुला कुणी रागावणार नाही.' आयटीआयच्या फॉर्मसाठी काढलेला मनोहरचा एकच फोटो घरात होता, तो मायने ट्रंकेतून काढून दिला. कागद आणि फोटो घेऊन मी बसने दुर्गला गेलो. मी एकोणीस वर्षांचा होतो.

पेपरच्या एजंटचं दुकान स्टेशनजवळ होतं. मी समोर उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मनोहरचा राग होता का मला? मुळीच नव्हता. त्याच्या डाव्या भुवईवरची खूण माझ्या विटीने झालेली. रक्ताने शर्ट भरला होता आणि त्याने बाबांना सांगितलं होतं की आपण स्वतःच पडलो. असा भाऊ. मग त्या फुटपाथवर माझ्या डोक्यात काय चाललं होतं? एकच — तो आला तर मी काय करणार? बीए पहिलं वर्ष, मार्क जेमतेम, गावाकडे शेत नाही. तो आला तर नोकरी त्याची, घर त्याचं, उद्या बायको त्याची येणार, आणि मी त्याच्या ओसरीवर. इतकं स्पष्ट मी आयुष्यात दुसऱ्या कशाचाही विचार केला नसेल.

एजंटने मान वर केली. "क्या है?"

"आज का पेपर है क्या?" मी म्हणालो.

पेपर विकत घेतला आणि घरी आलो. मायला सांगितलं, दिली जाहिरात.

हीच ती गोष्ट. लिहून काढली तर चार शब्द. मी जाहिरात दिली नाही.

पोळ्याच्या आठवड्यात 'छापून आली' म्हणून सांगितलं. शकू म्हणाली, दाखव ना. मी म्हटलं, एजंटकडचे अंक संपले, एक ठेवायला सांगितलाय. फोटो? प्रेसवाले परत देत नाहीत. कुणी शंका घेतली नाही — घरातलंच माणूस, शंका कोण घेणार? तो फोटो मी पुढे ऑफिसच्या लॉकरमध्ये, तळाच्या कागदाखाली ठेवला. फाडून टाकायचा तर तेवढीही हिंमत झाली नाही.

आणि माय वाट पाहत बसली. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. पोस्टमनची सायकल दिसली की दाराशी जायची. संक्रांतीच्या सुमारास नोकरीसाठी माझं नाव घातलेल्या कागदावर तिने अंगठा दिला, आणि त्याच दिवशी म्हणाली, "बाप मेला हे वाचलं त्यानं, तरी नाही आला. मले तो मेला." त्यानंतर तिने त्याचं नाव घेतलं नाही. कुणी काढलं तर उठून जायची. चौदा वर्षं जगली ती त्यानंतर, आणि आपण एका निष्ठुर मुलाला जन्म दिला असं मानून गेली. मी तिच्या उशाशी होतो. मी तेव्हाही बोललो नाही.

शकूने मात्र हे कधी मानलं नाही. तिचं म्हणणं, दादाने वाचलं असतं तर तो आलाच असता. काहीतरी चुकलं असणार — नाव चुकीचं छापलं असेल, फोटो काळा आला असेल. त्रेचाळीस वर्षं तिला ती जाहिरात एकदा बघायची होती. आता साहू मॅडमच्या एका वाक्याने ते शक्य झालं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी एकटा वाचनालयात गेलो. शकूला सांगितलं नाही. काय शोधायला गेलो होतो? जे नव्हतं ते नव्हतंच. पण दुसरं काही सापडेल का, कुठे माझी पावलं उमटली असतील का, ही भीती. चोर जसा चोरी केलेल्या घरावरून पुन्हा जातो, तसं. जुन्या पानांचे फोटो होते, त्यात शब्द टाकून शोधता येत नव्हतं. एकेक पान उघडून वाचावं लागायचं. पान वरून खाली हळूहळू उघडायचं. पोळ्याच्या आठवड्यातले दोन अंक संग्रहात नव्हतेच. ते पाहून मला सुटल्यासारखं झालं. जाहिरात त्या दोन दिवसांत आली असेल असं म्हणता येणार होतं. तिथे उठायला हवं होतं. मी उठलो नाही. पुढची पानं उघडत गेलो, तीन-चार दिवस जात राहिलो.

दिवाळीच्या आठवडाभर आधीचा अंक. पान पाच, खालचा उजवा कोपरा. नऊ ओळी. नागपूर स्टेशनच्या फलाटावर तापाने बेशुद्ध सापडलेला, सुमारे बावीस वर्षांचा अनोळखी तरुण सरकारी दवाखान्यात आहे. नाव-गाव सांगण्याच्या स्थितीत नाही. उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. ओळखणाऱ्यांनी संपर्क साधावा.

विंचू त्याने मडईच्या जत्रेत गोंदून घेतला होता. मी शेजारी उभा होतो. भुवईचं तर सांगितलंच.

मी कॉम्प्युटर बंद केला नाही, नुसता उठून बाहेर आलो. ज्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा होता, त्याच वर्तमानपत्रात तो पडला होता. फोटो छापला गेला असता तर? दवाखान्यातल्या एखाद्या नर्सने, एखाद्या शिपायाने तो चेहरा बघितला असता तर? पोळा ते दिवाळी माय दारात बसली होती, आणि तो तीन-चार तासांच्या अंतरावर होता. संक्रांतीला मायने माझ्या नोकरीच्या कागदावर अंगठा दिला तेव्हा तो जिवंत होता का — हेही मला कळायला मार्ग नाही.

आता शकूला सांगायला हवं होतं ना? तिला हेच तर हवं होतं. दादा निष्ठुर नव्हता, त्याचा हा पुरावा. पण ते दाखवलं की पुढचा प्रश्न यायचा. जाहिरात फोटोसकट आली होती, तर दवाखान्यातल्यांनी ओळखलं कसं नाही? आणि तिथून माझ्यापर्यंत किती पावलं?

मी गप्प राहिलो.

मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. पोळ्याचा आठवडा पूर्ण वाचला. दोन अंक नाहीत म्हटल्यावर शकू म्हणाली, "त्यातच असन. आपलं नशीबच तसं." मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "पुढं वाचत जाऊ, भाऊ. दादानं उलटून काही छापलं असन तं? कुठं काही बातमी असन तं?" बाळवाडीत तीस वर्षं शिकवलेली बाई, अर्धवट सोडणं तिला माहीत नाही.

एका वेळी तीन अंक. आठवड्याला सहा. मी घरी कॅलेंडरवर मोजत होतो. दिवाळीआधीचा तो अंक आठ आठवड्यांवर होता. मग सहा. मग दोन. माझी झोप गेली. बायको म्हणाली बीपी तपासा; तपासलं, वाढलेलं होतं, गोळी सुरू झाली. एका शुक्रवारी स्कूटर बिघडल्याचं सांगितलं, तर शकू ऑटो करून मला घ्यायला दारात आली.

तो दिवस मंगळवार होता. पान पाच वरून खाली उघडलं. मी वाचायला लागलो. संत्र्यांची आवक. नाल्यात उलटलेली बस. नळाच्या बदललेल्या वेळा. शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमीसुद्धा वाचली, मुलांच्या नावांसकट. मग थांबलो आणि पुढच्या पानासाठी हात नेला.

शकूने बोट पुढे केलं. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर, अगदी तिथेच. "इथं काही आहे का? काळं काळं दिसून राहिलं."

"साबणाची जाहिरात," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आणि मी पान उलटलं.

एकोणीस वर्षांच्या पोराने केलं ते एक. हे केलं तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो. माझी नोकरी होऊन गेली होती, घर बांधून झालं होतं, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही केलं.

त्यानंतर ती त्या जुन्या वर्षाच्या शेवटच्या अंकापर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, बस झालं. उन्हाळ्यात तिची साखर उतरली आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली त्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली, "भाऊ, किती म्हातारा दिसून राहिला तू!" सगळे हसले. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

मला ठाऊक होतं ती पुन्हा जाणार. गेलीच. आता तिला माझी गरज नव्हती. मी तिला सोडायचो आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली स्कूटरवर बसायचो. आधी ती आजचे पेपर वाचायची, मग जुने, पहिल्यापासून, स्वतःच्या डोळ्यांनी. पळून जावंसं वाटायचं. कुठे?

पावसाळा सरताना एका शुक्रवारी ती बाहेर आली. हातात छापून घेतलेला कागद होता. चालताना तो तिने दोन्ही हातांत धरला होता, सांडेल की काय असा. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. पहिल्यांदा वाचतोय असं वाचलं. मला ते जमलं.

"विंचू," ती म्हणाली. "भाऊ, दादाच आहे. हे आपण वाचलंच नव्हतं?"

"नजरेतून सुटलं असन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता. आता कळलं तिला. पण तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "तुलेही दिसत नसन बरोबर. मी आपली मेली वाचायले लावत होती तुले. उद्या तुझे डोळे दाखवून येऊ." आणि तिथे, झाडाखाली, ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "त्यानं वाचलं नव्हतं, भाऊ. तो पडून होता. मायले कोणी सांगायले पायजे होतं. माय उगाच त्याच्यावर राग धरून गेली."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. शकूला त्याचं समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नागपूरला गेलो. बातमीत दवाखान्याचं नाव नव्हतं, सरकारी एवढंच होतं. दोन ठिकाणी फिरलो. रेकॉर्डच्या खिडकीवरचा माणूस चांगला होता. त्याने कागद दोनदा वाचला आणि सांगितलं की इतकी जुनी रजिस्टरं आता कुठेच नाहीत. शकूने विचारलं, असे जे नाव नसलेले असतात, त्यांचं पुढे काय होतं? तो म्हणाला, बरे झाले तर जातात, बाई. नाही तर... त्याने वाक्य सोडून दिलं. शकू म्हणाली, "आम्ही पेपरात दिलं होतं. फोटोसकट. माझ्या भावानं सोता जाऊन दिलं होतं. तुमच्या लोकायनं पाहिलं कावून नाही?" त्या माणसाने खाली बघितलं. ज्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल, तो माझ्यासाठी खाली बघत होता आणि मी शकूच्या शेजारी उभा होतो.

परतीच्या गाडीत दुपारची वेळ होती, डबा रिकामा. शकू खिडकीशी बसल्या बसल्या झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. मी ठरवलं, गोंदियाला सांगायचं. गोंदिया गेलं. डोंगरगड आलं, टेकडीवरचं देऊळ दिसलं, तेही मागे पडलं. राजनांदगावच्या अलीकडे मी तिला हाक मारली. "शकू."

तिने डोळे उघडले. "काय?"

"पाणी पायजे का?"

"दे," ती म्हणाली. प्यायली आणि पुन्हा झोपली.

त्याला आता सात महिने झाले. ती नातेवाइकांत सगळ्यांना सांगते की माझ्या भावाने तेव्हा किती धावपळ केली होती, पण दादाच्या नशिबात नव्हतं. मी समोर असलो तरी सांगते. मी ऐकतो. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, याची मला भीती वाटते. गप्प राहण्याचं तेवढंच कारण आहे, दुसरं कुठलंही नाही. मनोहरचं त्या दवाखान्यातून पुढे काय झालं, मला माहीत नाही. ते आम्हाला तेव्हाच कळू शकलं असतं. मी कळू दिलं नाही.